सुमीला, टोळी निघायच्या आधी

केज तालुका
१० ऑक्टोबर २०२१

सुमे,

पोस्टानं हे तुला मिळेपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या कर्नाटकात पोचलेल्या असतील, म्हणून पानांचे फोटो काढून पुतण्याच्या फोनवरून धाडतेय. आम्हा अंगणवाडी सेविकांचे सरकारी मोबाईल आम्ही परत केले, ते पेपरात वाचलंच असशील. तापायचे, अडकायचे, आणि वर लेकरांच्या नोंदी भरायचं ते पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. "बरं झालं, तुझं इंग्रजी सरकारपासून वाचलं" हे तू म्हणणार, म्हणून मीच म्हणून टाकते. तब्येती ठीक. सासूबाईंचा गुडघा आहे तसाच.

काल दिवेलागणीला गोदाकाकूची धाकटी सून आली. पोरगी कडेवर, पोरगं पदराला. बसली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाई, ह्या दोघांला गुढीपाडव्यापस्तोर ठिवता का?"

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. चहा टाकला.

तिचा नवरा एप्रिलात गेला. अंबाजोगाईत एकाच अँब्युलन्समधून २२ जणांना नेलं ना, त्याच आठवड्यात. आधी एका खाजगीत सिटी स्कॅन, मग बेड शोधत फिरले, आणि तो वाटेतच गेला. चाचणीचा कागद नाही, मृत्यूच्या दाखल्यावर कोविड नाही. दवाखान्याला पैसे दिले टोळी नेणाऱ्या मुकादमानं. मुकादम कोण? आपला नामदेव भाऊजी! तुझ्या लग्नात जिलेबी कमी पडली म्हणून रुसलेला तोच. आधीची बाकी होतीच, त्यात हे. मी विचारलं तर म्हणतो, "वहिनी, मी काय राक्षस आहे का? पर कारखान्याची आगाव उचल माझ्या नावावर हाय." खोटं नाही बोलत तो. हाच तर त्रास आहे, सरळ शिव्या घालाव्यात असा एक माणूस सापडत नाही.

तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, नवऱ्याविना ती अर्धा कोयता. दीराची बायको बाळंतीण, म्हणून दीराबरोबर जोडी लावलीय. त्यावर गाव काय बोलतंय ते लिहीत नाही, तुला आपलं गाव ठाऊक आहे. सोयाबीन म्हणशील तर मांजरा धरणाचे दरवाजे उघडले त्या दिवशीच गेलं.

मी कागद काढून बसले. गेल्या सोमवारी सुप्रीम कोर्टानं कोविडनं गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजारांच्या मदतीला मान्यता दिली. दाखल्यावर कोविड लिहिलं नाही एवढ्यावरून नाकारता येणार नाही, तक्रार असेल तर जिल्ह्याच्या समितीकडं जायचं. हे मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर ती आधी दाराकडं बघून म्हणाली, "मुकादमाच्या कानावर नगा घालू." पैसे येण्याआधीच त्यांची वाट ठरलेली. बालसंगोपन योजनेला तर कोविडचा पुरावाही लागत नाही, बाप नाही एवढं पुरे. एका लेकराला महिना ११०० रुपये. पण फाईल बीडला बालकल्याण समितीपुढं जाणार, घरी चौकशीला कुणी येणार, आणि तेव्हा दाराला कुलूप असलं तर? म्हणून म्हटलं, जाऊ नकोस. "कवापासून मिळतील?" तिनं विचारलं. मला तारीख सांगता आली नाही. ट्रॅक्टरची तारीख मात्र ठरलेली आहे, दसऱ्याचा दुसरा दिवस.

तिची धाकटी लेक दहा महिन्यांची. कुपोषण मोजायची दंडाची पट्टी पिवळ्यात येते, लाल व्हायला बोटभरही अंतर नाही. तिचं नाव अजून रेशनकार्डावर चढलं नाही, त्यामुळं माणशी ५ किलो फुकट धान्यात ती माणूसच नाही. थोरल्याचा शिधा आम्ही घरपोच देतो: गहू, हरभरा, डाळ, चटणी, हळद. ५० दिवसांचा म्हणायचा. पण त्याच्या नावचे गहू दळले की पोळ्या सगळ्या घराच्या होतात, आणि व्हायलाच पाहिजेत, म्हाताऱ्या सासूला उपाशी ठेवून पोराला खाऊ घाल असं मी कुणाला सांगू? अंगणवाडीत पातेल्यातली गरम खिचडी त्याच्या ताटलीत पडायची, माझ्या डोळ्यांदेखत पोटात जायची. दीड वर्ष झालं, पातेलं पालथं आहे. रजिस्टरात मात्र लाभार्थी शंभर टक्के! आम्ही घरोघरी जाऊन हात कसे धुवायचे ते शिकवलं. शिकवायला हवंच होतं. पण त्या घरात साबण आहे का, हा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता.

आता खरं विचारायचं ते.

डी.एड.ला होस्टेलात मी तुला म्हणाले होते, तू नशिबाची, आजीपाशी राहिलीस, फडात नाही वाढलीस. आठ दिवस बोलली नाहीस माझ्याशी. माझ्याकडची बादलीसुद्धा परत नेलीस. (ती बादली माझी होती, आजही सांगते.) मग एकदा रात्री आपणहून म्हणालीस, "आई पाडव्याला यायची तेव्हा मी आजीच्या मागं लपायचे." पुढं काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.

धाकटी आईबरोबरच जाईल, अंगावर पितेय, यात मला शंका नाही. तिच्या गोवरच्या लसीची नोंद कार्डावर करून देते, दुसरा डोस ती सोळा ते चोवीस महिन्यांची असताना घ्यायचाय तेही लिहिते. प्रश्न थोरल्याचा. चार वर्षांचा, हंगामी वसतिगृहात बसत नाही, ती शाळेतल्या पोरांसाठी. आजीला मोतीबिंदू, आणि वाड्यामागं उघडी विहीर. फडात गेला तर पहाटे तीनला उठून ट्रॉलीत, थंडीत, पाचटात. माझ्याकडं ठेवला तर पोट भरेल, हे नक्की. आमच्या सासूबाई म्हणतात ठेव. हे काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नाही. पण बाप गेल्याला सहा महिने झाले नाहीत, आणि आता आईही जाणार. चार वर्षांच्या पोराला पाडवा म्हणजे कधी ते कसं सांगायचं? तू काय धरून बसायचीस? लपायचीस ते रागानं की ओळख पटायची नाही म्हणून? आणि पाडव्यानंतर किती दिवसांनी तू परत आईपाशी निजलीस?

माझ्या मनाला बरं वाटेल असं उत्तर देऊ नकोस. तू तशी देतही नाहीस म्हणा.

हडपसरच्या फ्लॅटचं काय झालं? तुझ्या नवऱ्याची कंपनी परत सुरू झाली का? पोराला चष्मा लागला म्हणालीस, ऑनलाइन शाळेनं सगळ्यांच्याच पोरांना लागतोय, मनाला लावून घेऊ नकोस. आईला नमस्कार सांग. हे पत्र मात्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

शुक्रवारच्या आत फोन कर, दुपारी दोननंतर. सकाळी गृहभेटी असतात. पुतण्याच्याच नंबरवर कर, आणि तो उचलेल तेव्हा त्याला अभ्यासाचं विचारू नकोस, लगेच ठेवून देतो.

तुझी
मंदी