रविवारची बाबागाडी-फेरी : रिचमंड पार्क

सर्व सभासद पालकांना कळविण्यात येते की, तान्ह्या बाळांसह आपली शरद ऋतूतील फेरी येत्या रविवारी सकाळी १० वाजता लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये निघेल. सर्वांनी पेम्ब्रोक लॉजच्या वाहनतळाजवळ जमावे. त्याच पहाटे ब्रिटनमधील उन्हाळी वेळ संपून घड्याळे एक तास मागे जाणार असल्याने ही वेळ नव्या घड्याळाप्रमाणे धरावी. बाळांना हा बदल अर्थातच मान्य नसेल, म्हणून दूध जवळ ठेवावे.

सध्या हरणांचा माजाचा काळ असून नर आक्रमक असतात. त्यांच्यापासून किमान ५० मीटर अंतर राखावे आणि फोटोसाठीसुद्धा बाबागाडी गवतात नेऊ नये.

- ओल्या पानांवर चाके घसरतात, त्यामुळे थांबताना ब्रेक लावावाच. मागच्या वेळी एका गाडीच्या पुढच्या चाकात पानांचा लगदा इतका घट्ट बसला, की तो काडीने कोरून काढावा लागला.
- ऊन असले तरी गाडीवर शाल किंवा दुपटे पांघरू नये. आत हवा कोंडून उष्णता वाढते.
- वाटेत पडलेली ओकची फळे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे.

मुसळधार पाऊस असल्यास फेरी रद्द होईल, रिमझिम असल्यास मात्र निघू. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.