आईच्या सहीची वही

पाचपाखाडी, ठाणे
मंगळवार, दुपार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला. तुझ्याशी असं मी कधी वागलो नव्हतो. नंतर तू तीनदा केलास तेव्हा मी गॅलरीत उभा होतो आणि फोन आत वाजत होता. आई म्हणत होती, "अहो घ्या की, सोनू आहे." घेतला नाही. दोन दिवस तेच डोक्यात आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही. आई शेजारी बसून स्क्रीनकडे बघून हसत असते, तिच्यासमोर तिच्या पार्किन्सनचं काय बोलणार? म्हणून आज ती झोपल्यावर लिहायला बसलो.

तुझ्या सॉलिसिटरचा, त्या वकिलाचा, मेल मी पुन्हा वाचला, या वेळी शब्दकोश घेऊन. आम्हा दोघांना कायमचं तुझ्याकडे इंग्लंडला न्यायच्या व्हिसाचा जुलै 2012 पासूनचा नियम आता मला समजला आहे. वयामुळे किंवा आजारामुळे आमच्यापैकी एकाला तरी आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींना कायमची दुसऱ्याची मदत लागली पाहिजे. ते आईचं आहेच. पण ती मदत ठाण्यात मिळत नाही, किंवा तू पैसे पाठवूनही परवडत नाही, आणि करणारं माणूसही इथे कोणी नाही, हेसुद्धा दाखवायचं. आणि मी तर आहे. तू म्हणालीस, "बाबा, डॉक्टरांकडून लिहून घ्या की तुम्हाला आता जमत नाही." तिथे माझं डोकं फिरलं.

मला जमतं गं. तूच सांगितलं होतंस ना, पार्किन्सनमध्ये दारात पाऊल अडकतं, जमिनीवर आडव्या रेघा असल्या की मेंदूला वाट दिसते. त्याच दिवशी मी पिवळा इन्सुलेशन टेप आणला. पलंगापासून संडासापर्यंत सव्वा-सव्वा फुटावर पट्ट्या मारल्या, तिचं पाऊल मोजून. एक सूत इकडेतिकडे नाही. बाथरूममध्ये तीन हँडल बसवली, ड्रिल मारून, माझ्या वजनाने लोंबकळून तपासली. ब्लाउजची हुकं काढून वेल्क्रो लावलं, ते शिवायलासुद्धा शिकलो. तिच्या सिंडोपा गोळीच्या चारही वेळा भिंतीवर लिहिल्या आहेत, गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, कधी चुकली नाही. वरणाला फोडणी आता हिंगाच्या वासावरून कळते. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं काम केलं, मी बनवलेला एकही पार्ट कधी रिजेक्ट होऊन परत आला नाही. आणि आता कागदावर लिहायचं, जमत नाही?

म्हणजे मी जितकं नीट करतो, तितकी तुझी केस कच्ची होते. हे मला रविवारी कळलं आणि सोसलं नाही. उद्या मला काही झालं तर मग केस पक्की होईल. पण तेव्हा अर्ज करायचा, निकाल येईपर्यंत महिने जायचे, तोवर तिला कोण बघणार?

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. असो.

तलावपाळीच्या कट्ट्यावर सकाळी आमचा हाच विषय असतो. एकाची मुलगी कॅनडात आहे. त्यांना सुपर व्हिसा मिळाला, दहा वर्षांचा, एका वेळी पाच वर्षं राहता येतं. अमेरिकेत मुलगा नागरिक झाला आणि एकवीस वर्षांचा असला की आई-वडिलांना बोलावू शकतो, त्यांच्यासाठी संख्येची मर्यादा नाही. ऑस्ट्रेलियात एका जातीच्या व्हिसाला माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर लागतात, आणि निम्मी तरी मुलं तिथे हवीत. तुमच्याकडे पैसा भरूनही वाट नाही, त्याचं मला जास्त वाटतं. वॉर्डात दिवसभर तू दुसऱ्यांच्या आयांना उठवतेस, बसवतेस, पहिलं पाऊल टाकायला शिकवतेस. त्यांच्या मुलांना तुझा फोन नंबरही माहीत नसेल. तुझी स्वतःची आई मात्र इथे माझ्या टेपच्या पट्ट्यांवरून चालते. कट्ट्यावर मी अभिमानाने सांगतो की मुलगी लीड्सला फिजिओ आहे. घरी येताना घंटाळीच्या वळणावर मात्र दरवेळी घशात काहीतरी अडकतं.

कोणीतरी कट्ट्यावर म्हणालं, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर जा आणि तिथूनच अर्ज करा. तसं चालत नाही, हे मेलमध्ये स्पष्ट आहे, अर्ज भारतातूनच करायचा. आणि चालत असतं तरी मी केलं नसतं. तुझ्या नावाला डाग लागेल असं काहीही करायचं नाही. तूही कोणाच्या सांगण्यावरून करू नकोस.

माईंना आणलं ते आठवतं? तू सात वर्षांची होतीस. चिपळूणच्या तहसील कचेरीतून रेशनकार्डावरचं नाव कमी केल्याचा दाखला घेतला, ठाण्याच्या कार्डावर ते चढवलं, संपलं. माई एसटीतून उतरल्या, एक ट्रंक, एक पाटा आणि फडक्यात बांधलेलं अबोलीचं रोप. तू स्वतःहून तुझी कॉट त्यांना दिलीस आणि स्वयंपाकघरात गादी घालून झोपायला लागलीस. मग अकरा वर्षं आईने माईंना न्हाऊमाखू घातलं. मी सेकंड शिफ्टला. माईंच्या आंघोळीला मी एकदाही पाणी काढून दिलं नाही. तिची ती सासू, माझी तर सख्खी आई होती, तरी नाही. तुझ्या आईने कधी बोलून दाखवलं नाही. आता रोज सकाळी तिच्या पाठीवर तांब्या ओतताना मला ते आठवतं. तुला वाटलं बाबा हट्टी आहेत. "जमत नाही" हा शब्द मला का झोंबला, ते आता कळेल तुला.

आणि ते जे तू शेवटी म्हणालीस, नोकरी सोडून येते म्हणून, ते पुन्हा बोलू नकोस. पंधरा वर्षं घालवून तू तिथे पाय रोवलेस. पिल्लूची पुढच्या वर्षी जीसीएसई आहे, म्हणजे तिथली दहावीच. जावईबुवांनी कधी तक्रार केली नाही म्हणून त्यांना गृहीत धरायचं नाही. घराचे हप्ते आहेत. माणसाने भावनेच्या भरात घर मोडू नये, नोकरी मिळवायला वर्षं लागतात आणि सोडायला एक कागद पुरतो, हे मी कंपनी बंद पडली तेव्हा भोगलं आहे. शिवाय इथे येऊन तू करणार काय? मला जे येतं तेच करणार ना?

पाहिलंस, लागलो शिकवायला. माफ कर. तू बेचाळीस वर्षांची आहेस. त्या दिवशी तू रडत होतीस आणि मी तुला हप्त्यांचा हिशेब सांगतो आहे.

खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. आषाढात आई बाथरूममध्ये पडली. तुला कळवलं नाही. माझी हँडल जागच्या जागी होती, पण तिचा हात तिथवर पोचलाच नाही. लागलं नाही फार, कोपर खरचटलं. पण मला तिला उचलता आलं नाही. दोनदा प्रयत्न केला, पाठीतून कळ गेली. चाळीस मिनिटं आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसलो होतो. मी तिच्या अंगावर चादर घातली, आणि ती मला म्हणाली, "पंखा बंद करा, तुम्हाला सर्दी होईल." शेवटी खालून वॉचमनला बोलावलं. परक्या माणसासमोर तिला त्या अवस्थेत... तिने डोळे मिटून घेतले होते. मग ब्युरोची बाई लावली, ती आठ दिवस आली आणि न सांगता बंद झाली. दुसरी आली तिला आईने हात लावू दिला नाही.

सॉलिसिटर म्हणतात, चांगल्या दिवसाचं लिहू नका, वाईट दिवसाचं लिहा. मला ते खोटं वाटलं होतं. पण तो दिवस खोटा नव्हता, मीच लपवला होता. तेव्हा उद्या डॉक्टरांकडे जाऊन मी हे सगळं सांगणार आहे, माझ्या पाठीचंही. ते जे लिहितील ते तुला पाठवतो. वॉचमनही लिहून द्यायला तयार आहे. मंजूर होईल असं मी धरून चालत नाही. माणशी तीन हजार पौंडांच्या वर फी, नाकारलं तर तीही गेली, शिवाय पाच वर्षं आमचा भार सरकारवर पडणार नाही असं तुला लिहून द्यायचं. जावईबुवांशी नीट बोल, त्यांच्या मनात किंतु असेल तर मला स्पष्ट कळव. मी रागावणार नाही.

फक्त मी आधी गेलो तर तिला एकटीला ठेवू नकोस, इतकंच. पुन्हा तेच लिहिलं.

आई काय म्हणते, ते तू विचारलंस. तोंडाने ती म्हणते, "मला काय करायचंय त्या थंडीत, माझा कोपिनेश्वर बरा." पण काल गादी झटकताना उशीखाली तुझी जुनी दुरेघी वही सापडली. पानंच्या पानं तिची सही. तुला माहीत आहे, तिचं अक्षर आता बारीक होत जातं, मागे बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला होता. प्रत्येक ओळीत पहिली सही मोठी, पासपोर्टवर आहे तशी, आणि शेवटची मुंगीएवढी. मग खालच्या ओळीत पुन्हा मोठी. मी झोपलो की बसत असेल. व्हिसाच्या फॉर्मवर सही लागते, हे मीच तिला सांगितलं होतं.

वही होती तशी उशीखाली ठेवली. तूही फोनवर बोलू नकोस. तू लहानपणी वापरायचीस तसलं जाड पेन मिळालं तर तिला सहीला बरं पडेल, आज संध्याकाळी गोखले रोडला जाऊन बघतो.

रविवारी फोन कर. मी पहिल्या रिंगला घेईन.

तुझे,
बाबा