ओंकारच्या ॲडमिशनबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, मावशीच्या ओंकारसाठी तुम्ही पाठवलेलं इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. पहिल्या पानावर तळं, दुसऱ्यावर काळे झगे घातलेली हसरी मुलं, तिसऱ्यावर '१०० टक्के प्लेसमेंट'. फी किती, ते शेवटच्या पानापर्यंत कुठेच नाही. फोनवर तुम्ही म्हणालात, "एजंट भला माणूस आहे, स्वतःसाठी एक रुपया मागत नाही. जागा धरून ठेवायला तेवढे २५ हजार, तेही कॉलेजचे." मागत नाही तर त्याचं घर कशावर चालतं? मावशीला विचारवणार नाही, भिडस्त आहे ती. तुम्ही विचारायला हवं होतं.

मी पाहिलं, हे कॉलेज एका कंपनीच्या मालकीचं आहे. आपल्याकडे शिक्षणसम्राट कितीही मोठा असो, कागदावर तरी संस्था ट्रस्टच्या नावाने असते. इथे नफ्यासाठी कॉलेज काढायला कायद्याची आडकाठी नाही, अशा काही कंपन्या शेअर बाजारातही असतात. सगळीच फसवतात असं मी म्हणत नाही. पण मी सरकारी कम्युनिटी कॉलेजात जुन्या गुणपत्रिका तपासायला बसते, आणि कुठला कागद किती वजनाचा ते टेबलावरच कळतं.

मागच्या महिन्यात एक बाई आली. चाळिशीची असेल, रात्रपाळी करून थेट आलेली, अंगात अजून कामाचा निळा डगला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडू दिलेली गुणपत्रिका. दवाखान्यातल्या मदतनिसाचा कोर्स, सगळ्या विषयांत चांगले गुण. तिला नर्सिंगला जायचं होतं. मी तिच्या विषयांची यादी आमच्या यादीशी लावून पाहिली, पुन्हा लावली. एकही विषय आमच्याकडे धरता येईना, कारण त्या कॉलेजची मान्यता आमच्या कॉलेजला चालणारी नव्हती. प्रवेश घेताना तिला सांगितलं होतं, "कुठेही चालेल." ते कॉलेज पुढे बंद पडलं. बंद पडताना जे शिकत होते त्यांना सरकारी शिक्षणकर्जाची माफी मागता येते, हिचा कोर्स त्याआधीच पुरा झाला होता. म्हणजे 'मला फसवलं' असा वेगळा अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. ती रडली नाही. पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, "मग पहिल्यापासून सुरू करते."

हा धंदा इथे किती फोफावला होता ते २०१२ च्या सिनेटच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, अहवालात आहे. टॉम हार्किन नावाच्या सिनेटरच्या समितीने अशा ३० कंपन्यांचे कागद तपासले. त्यांच्या उत्पन्नातले २२.७ टक्के जाहिरात आणि भरतीवर जात होते, १९.४ टक्के नफ्यात, आणि शिकवण्यावर १७.२ टक्के. मुलं गोळा करणारी माणसं ३५ हजारांवर, त्यांना नोकरी शोधून देणारी साडेतीन हजार. आयटीटी टेक नावाच्या कॉलेजचा एक कागदही त्यात निघाला. समोरच्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवत, एकेक पायरी खोल जात, फोनवरूनच त्याला ॲडमिशनपर्यंत कसं आणायचं त्याची ती प्रश्नावली होती. तिचं नावच 'दुःखाचं नरसाळं'! २०१६ मध्ये ते कॉलेज बंद पडलं.

प्लेसमेंटचे आकडे कसे फुगतात तेही ऐका. कोरिंथियन कंपनीच्या हील्ड कॉलेजात अकाउंटिंग शिकलेली एक मुलगी 'आपल्या क्षेत्रात नोकरीला लागली' म्हणून मोजली होती. नोकरी होती टाको बेलच्या हॉटेलात, आणि तीही कोर्स पुरा होण्याच्या कितीतरी आधीपासूनची! अशा आकड्यांवरून शिक्षण खात्याने २०१५ च्या एप्रिलमध्ये सुमारे ३ कोटी डॉलरचा दंड लावला आणि महिना संपायच्या आत कंपनीने उरलेल्या २८ शाखा बंद केल्या. सोळा हजार मुलं उघड्यावर पडली. कर्जं सरसकट माफ व्हायला २०२२ उजाडलं. ५ लाख ६० हजार कर्जदार, ५८० कोटी डॉलर.

तुम्ही म्हणाल, सरकार झोपलं होतं का? नव्हतं, पण कूस बदलत होतं. कोर्स करून कर्ज फेडण्याइतकी कमाई होते का, हे तपासायचा नियम ओबामांच्या काळात आला, ट्रम्प यांच्या काळात २०१९ ला रद्द झाला, बायडेन यांनी २०२३ ला परत आणला. दुसरा नियम, अशा कॉलेजच्या उत्पन्नात सरकारी मदतीचा पैसा ९० टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यात एक पळवाट होती. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा पैसा 'बाहेरच्या' १० टक्क्यांत धरला जायचा, म्हणून कॉलेजं सैनिकांच्या मागे हात धुवून लागली. २०२१ च्या कायद्याने ती बुजवली. पण परदेशी विद्यार्थ्याने रोख भरलेली फी अजूनही त्या १० टक्क्यांच्याच बाजूला पडते. ओंकार त्यांना का हवाहवासा आहे, त्याचं एक कारण हे असू शकतं.

आता मुद्द्याचं. मुलामागे कमिशन देऊन भरती करायला इथे १९९२ पासून कायद्याने बंदी आहे. मात्र त्याच कायद्यात एक अपवाद आहे: परदेशात राहणारे परदेशी विद्यार्थी. इथल्या मुलाला जे संरक्षण आहे ते कराडच्या मुलाला नाही. तुमचा भला माणूस कायदा मोडत नसेलही, पण त्याला पैसे ओंकारच्या ॲडमिशनचे मिळतात, ओंकारच्या शिक्षणाचे नाहीत.

बाबा, शाळेचा पट टिकवायला तुम्हीही भर मे महिन्यात वाडीवस्तीवर दारोदार फिरायचात, डोक्याला पंचा गुंडाळून. तुकडी गेली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरायचा, म्हणजे स्वार्थ तुमचाही होताच. पण जूनमध्ये ते पोर शाळेत दिसलं नाही की तुम्ही पुन्हा त्याच्या दारात उभे. आणि २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणीला मुलांच्या बोटांना शाई लागली तेव्हा तुमच्या हजेरीपटात खोटं नाव निघालं नाही, हे आई अजून पाहुण्यांना सांगते. या एजंटाला विचारा, तुम्ही पाठवलेली मुलं आज कुठे आहेत? तीन मुलांचे नंबर द्या. बघा काय उत्तर येतं.

ओंकारला शनिवारी रात्री मला फोन करायला सांगा. मान्यता कोणाची, जवळचं सरकारी विद्यापीठ इथले विषय धरतं का, पूर्ण कोर्सची फी किती आणि मध्येच सोडलं तर परत किती, एवढं त्याने स्वतः कॉलेजला ईमेल करून विचारायचं. एजंटामार्फत नको, आणि उत्तरं लेखी हवीत. इथे यायची त्याची हौस मला मोडायची नाही. मीही अशीच आले होते, फक्त माझ्या वेळी विचारायला प्राध्यापक होते.

आई, तू यात मध्ये पडू नकोस. मावशीला वाईट वाटेल म्हणून बाबांना घाई करतेस, मला माहीत आहे. तिच्याशी मी बोलते. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग.

जिल्हा बँकेतली एफडी तूर्त मोडू नका. आणि त्या २५ हजारांची पावती असेल तर तिचा फोटो पाठवा, मागच्या बाजूचासुद्धा. बारीक अक्षरातलं सगळं तिकडेच असतं.

तुमची,
मनू