धुऱ्यावरचा करंट हे स्वसंरक्षण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तारेत करंट सोडणाऱ्या शेतकऱ्याचा गुन्हा नाही, मालमत्ता राखण्याचा हक्क कायद्यानंच दिला आहे, असं एका वाचकानं आपल्या अंकात लिहिलं. मी १८ वर्षं पोलीस पाटील होतो. अशा एका पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे.

शेजारचा सालदार, म्हणजे सालानं ठेवलेला गडी, पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला निघाला होता. बांबूच्या खुंट्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीला उघडी तार, लाइनवर आकडा. आम्ही पोचलो तेव्हा त्याची टॉर्च गवतात पेटलेलीच होती. तार लावणारा माणूसही वाईट नव्हता. पंधरा दिवस जागल करून त्याचे डोळे सुजले होते. ‘पाटील, मी तं डुकरासाठी लावली होती,’ एवढंच तो म्हणत राहिला.

हक्क आहे, हे खरं. पूर्वी दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. जागलीवर कोणी कुऱ्हाड घेऊन अंगावर धावला, जीव जाईल अशी वाजवी भीती वाटली, तर त्याला मारून स्वतःला वाचवण्याची मुभा आहे. साध्या चोरीसाठी चोराचा जीव मात्र घेता येत नाही. कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. हा अंदाज जागेवर उभा असलेला माणूसच घेऊ शकतो. तार लावून आपण घरी झोपतो. धुऱ्यावर चोर आला की सालदार, ते तारेला काय कळणार? आमच्या सालदारानं तर काहीच गुन्हा केला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्येच हे सांगून ठेवलं आहे. बिहारच्या चेरुबिन ग्रेगरीनं परक्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून करंटची तार लावली, त्यात शेजारची बाई दगावली. ती बिनपरवानगी आली असली तरी तिच्यासाठी असा सापळा लावता येत नाही, असं ठरलं आणि शिक्षा कायम राहिली.

डुकरं-रोह्यांचा (नीलगायींचा) त्रास मी स्वतः भोगतो. नुसता झटका देऊन सोडणारी मशीन अनुदानावर पेरणीआधी हातात पडली, तर आकडा टाकायला कोण जाईल?

आमच्याकडे पारावर पेपर मोठ्यानं वाचतात. हरभरा आता वर आला आहे, डुकरं यायला लागली आहेत. म्हणून हे पत्र याच आठवड्यात छापावं, ही विनंती.

— एक माजी पोलीस पाटील, ता. घाटंजी, जि. यवतमाळ