हत्तीला ओलांडता न येणारी नदी

प्रिय मित्रा,

पत्राला उशीर झाला खरा, पण गेले तीन महिने माझ्या हातात एक तर हातमोजे असायचे नाहीतर पॉलिश पेपर. खेळाचं टेबल केलंय. विकतचं नाही, लाकडाच्या दोन जाड फळ्या आणि मध्ये इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं रेझिन, ओतून घरी केलेलं.

तुला वाटेल, बुद्धिबळाचा पट असेल. आहे, पण आपला नाही, चिनी बुद्धिबळाचा. त्याला श्यांगची म्हणतात. त्या पटाच्या मधोमध एक नदी असते आणि मोहरी घरांत न मांडता रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवतात. फळ्यांच्या मध्ये रेझिनचा निळा पट्टा असलेली टेबलं आपण पाहिली आहेत ना? त्यातलंच एक बघत असताना डोक्यात आलं, ही नदी नुसती शोभेला कशाला? तिला खेळातच घेऊ! मग दोन्ही फळ्यांची झाडाची मूळची वेडीवाकडी कड तशीच ठेवली, फक्त साल छिन्नीने सोलून काढली, कारण साल आज ना उद्या सुटतेच. त्या कडा समोरासमोर आणल्या की मधली फट आपोआप नदीसारखी वळणं घेते.

फळ्या वाळलेल्या आहेत की नाहीत ते तपासायला ओल मोजायचं यंत्र आणलं. इंचभर जाडीला वर्षभर वाळवणं, असा सुतारांचा ढोबळ हिशेब. माझ्या फळ्यांत ओल 10 टक्के निघाली, म्हणजे ठीक.

आता फजिती ऐक. नदी 80 सेंटिमीटर लांब, सरासरी 7 रुंद आणि 4 खोल, म्हणजे साधारण सव्वादोन लिटर रेझिन. घरात होतं ते वरून पातळ थर द्यायचं, लवकर घट्ट होणारं. तू फोनवर म्हणाला होतास, "डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाच." मी वाचलं, पण ओतून झाल्यावर. रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. पातळ थरातून ती निघून जाते, पण खोल थरात अडकते, आणि जितकं तापेल तितकी प्रक्रिया आणखी वेगाने होते. अर्ध्या तासात नदीतून वाफा यायला लागल्या, रंग पिवळा पडला आणि मधोमध तडा गेला. तू डाव खेळताना "एक चाल मागे घेऊ दे" म्हणतोस ना, तशी सोय इथे नाही. करवत घेऊन अख्खी नदी कापून काढावी लागली, आणि तिच्याबरोबर दोन्ही काठांचं थोडं लाकूडही गेलं.

दुसऱ्या खेपेला खोल ओतायचंच रेझिन आणलं. ते सावकाश घट्ट होतं म्हणून फारसं तापत नाही. त्याआधी कडांवर ब्रशने रेझिनचा पातळ हात मारून ठेवला, नाहीतर लाकडाच्या छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन वर येत राहते. साच्याच्या सांध्यांना सिलिकॉन लावलं, तळाला चिकटपट्टी, आणि पाणसळ तर चारदा लावून पाहिली. द्रव रेझिन अंगाला लागू द्यायचं नाही, हे मात्र लक्षात ठेव. एकदा त्वचेला त्याचं वावडं झालं की ते सहसा जात नाही. घासताना धूळ उडते, तेव्हा मास्कही हवाच.

तीन दिवसांनी साचा उघडला. रंधा, मग 80 पासून 320 नंबरपर्यंत पॉलिश पेपर. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की त्याविषयी लिहीत नाही. रेषा राऊटरने, म्हणजे लाकडात खाचा पाडायच्या यंत्राने, कोरल्या, 9 उभ्या आणि प्रत्येक काठावर 5 आडव्या, आणि त्यांत काळं रेझिन भरलं. पाय लावताना स्क्रूची भोकं लांबट ठेवली, कारण दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं आणि पक्कं जखडलं तर फळी चिरते.

खेळ तुला आवडेल. इथे हत्ती नदी ओलांडत नाही, आपल्याच काठावर पहारा देत बसतो. प्यादं मात्र पलीकडे गेलं की बाजूलाही सरकू लागतं. तोफ नावाच्या मोहऱ्याला दुसरं मोहरं मारताना मध्ये बरोबर एक मोहरं लागतं, ते आपलं असो की शत्रूचं. घोड्याच्या पायाशी कोणी उभं असलं तर घोडा अडतो. पहिले काही डाव हरशील, कारण हात सवयीने आपल्यासारखाच घोडा उडवायला जाईल.

मोहरी उरलेल्या लाकडाच्या गोल चकत्यांची करतोय. 32 पैकी 28 झाली, चारही हत्ती राहिलेत. त्या तडकलेल्या पहिल्या नदीचे तुकडे टाकवले नाहीत, ते जपून ठेवलेत. हत्ती त्यांतूनच कापणार आहे. पिवळट, भेगाळलेले दिसतील, पण एवीतेवी त्यांना नदीत उतरायचं नाहीच.

तू कधी येतोस ते कळव, म्हणजे तोवर हत्ती घासून ठेवतो.

तुझाच,
हातमोजेवाला