बोन्सायसाठी झाड उपटू नका, फांदीला गुटी बांधा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमच्याकडे गुहागर भागात हल्ली बोन्सायचं फॅड वाढलंय, छंद चांगलाच आहे, पण त्यासाठी सड्यावरची, जुन्या गडग्यातली वड-उंबराची झाडं पहारीने उपटून नेतात हे बघवत नाही. गेल्या पावसात आमच्या विहिरीच्या काठावरचं नांदरूक, वडाच्याच जातकुळीतलं झाड, कुणीतरी रात्रीत काढून नेलं. आजीच्या वेळचं झाड ते! सकाळी बघते तर चिऱ्यांमध्ये नुसतं भोक, आणि तुटक्या मुळांचा चीक दगडावर ओघळून वाळलेला.

अहो, गुटी बांधणं, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून तिचं नवं झाड करणं, कोकणाला काय नवीन आहे का, इथे घरोघरी कलमं बांधतात. मिरगाचा पाऊस लागला की अंगठ्याएवढी जाड, जरा वळणदार फांदी बघायची, इंच-सव्वा इंच साल गोल काढायची आणि आतला बुळबुळीत थर सुरीने नीट खरवडायचा. तो राहिला तर साल परत जुळते, मुळं फुटतच नाहीत, माझ्या पहिल्या दोन गुट्या अशाच फुकट गेल्या. पाणी लाकडातून वर चढत राहतं म्हणून पानं हिरवी राहतात, पण पानांनी बनवलेलं अन्न सालीतून खाली उतरतं ते कापलेल्या जागी अडतं, तिथेच वरच्या कडेला मुळं येतात. त्यावर भिजवून पिळलेलं शेवाळ लावायचं (मी सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालाचा भुसा वापरते, चालतो), वरून पारदर्शक प्लास्टिक आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. नांदरुकाला महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. ती जरा तपकिरी झाली की खालून कापायचं, निम्मी पानं काढायची आणि कुंडीत लावून सावलीत ठेवायचं. बियांपासून एवढं जाड खोड व्हायला वर्षानुवर्षं जातात, इथे ते आयतं मिळतं, वर मुळंही चारी बाजूंनी पसरलेली, बोन्सायवाल्यांना अजून काय हवं? आणि मूळ झाड जागच्या जागी उभं!

तुम्ही मिरगाच्या आधी शेतीच्या पानावर गुटीबद्दल फोटोसकट छापाल का? आणि नर्सरीवाल्यांनीही उपटून आणलेली झाडं विकत घेऊ नयेत, घेणारा नसेल तर पहार कोण उचलेल?

विहिरीवरच्या त्या नांदरुकाच्या दोन गुट्या मी आधीच काढल्या होत्या, त्या जगल्यात. एक ट्रेमध्येच ठेवणार, दुसरी यंदा विहिरीपासून जरा लांब जमिनीत लावतेय.

आपली एक वाचक,
गुहागर