चिनूची मान आणि मुरुमे: मेलबर्नहून आईस

मेलबर्न

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

चिनूच्या मुरुमांसाठी वहिनीने तिचे शेंगदाणे, आंबे आणि सावजी रस्सा ‘उष्ण पडते’ म्हणून बंद केला असून तिची काळी पडलेली मान रोज वज्रीने घासली जाते, असे तुझ्या पत्रातून कळले. मला मुरुमांपेक्षा त्या मानेची काळजी अधिक वाटते.

मानेच्या मागे आणि काखेत कातडी जाड, मखमलीसारखी व काळपट होते, तेव्हा तो बहुधा मळ नसतो. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, पुरेशी दाद देईनासे झाले की रक्तातील इन्सुलिन वाढते आणि ते त्वचेच्या पेशींना भराभर वाढायला लावते. घासण्याने त्या जागेचा काळेपणा कमी होण्याऐवजी वाढतोच. त्यातच तिचे वजन वाढले आहे आणि पाळी दोन-दोन महिने लांबते, असेही तू लिहिले आहेस. वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजकोशांतून पुरुषी संप्रेरके अधिक स्रवतात, त्यांच्यामुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्रे बुजतात आणि मुरुमे येतात. तेव्हा मान, पाळी आणि गाल या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते. उपाशीपोटीची साखर व एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे आणि पीसीओडीची, म्हणजे बीजकोश व संप्रेरकांच्या या बिघाडाची, शंका स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावी.

आहाराचा मुरुमांशी काही संबंध नाही, असे डॉक्टर मंडळी बरीच वर्षे सांगत असत. येथील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी १५ ते २५ वर्षे वयाच्या ४३ तरुणांवर केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार ज्यांनी १२ आठवडे घेतला, त्यांची मुरुमे इतरांपेक्षा अधिक कमी झाली. त्यांचे वजनही उतरले होते, त्यामुळे श्रेय नेमके कशाचे हे सांगणे अवघड आहे. पण चिनूला दोन्हींची गरज असल्याने आपले त्यावाचून अडत नाही.

म्हणून वहिनीने शेंगदाण्यांचा डबा पुन्हा खाली काढावा आणि क्लासहून येतानाचे शीतपेय, बिस्किटे, संत्रा बर्फी व पाकिटातला रस यांवर नजर ठेवावी. रसापेक्षा अख्खे संत्रे केव्हाही बरे, कारण त्यातला चोथा साखर हळूहळू रक्तात जाऊ देतो. तर्रीला तर नागपुरात उगाच बदनाम केले जाते. तिच्यातले हरभरे चांगलेच असतात, तेव्हा पोहे थोडे कमी आणि हरभरे जास्त घ्यायला तिला सांग. तेलाचा तवंग मात्र चमच्याने बाजूला काढावा. रात्री पांढऱ्या भाताच्या ढिगाऐवजी ज्वारीची भाकरी, झुणका, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असू द्यावी. दुधाचा मुरुमांशी संबंध काही पाहण्यांत आढळला आहे, पण तेवढ्यावरून वाढत्या मुलीचे दूध तोडणे मला पटत नाही. त्यात वरून घातलेली साखर मात्र बंद करावी.

आंब्याने ओठांभोवती पुरळ येते ते बहुधा देठाच्या चिकाने. देठ कापून, चीक गाळून आंबा पाण्यात ठेवावा व सोलून द्यावा, पण एका वेळी एकच. चेहऱ्यावर लिंबू चोळणे मात्र आजच थांबवा: लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हात त्वचा भाजतात आणि मागे काळे डाग ठेवतात. नागपूरच्या मे महिन्यात हा प्रयोग नकोच.

आहाराचा फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात खोल, दुखरी मुरुमे आली तर त्यांचे व्रण राहतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे लांबवू नये. औषध आणि आहार दोन्ही बरोबरच चालू द्यावे. आणि चिनूला कोणी ‘तुझ्या खाण्यानेच हे झाले’ असे बोलू नये, कारण हा त्रास घराण्यातूनही येतो. दादाचे कॉलेजातले फोटो वहिनीला एकदा दाखव.

तपासण्यांचे आकडे आले की लगेच कळव. बाबांना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझी,
सुमन